मोजा, लिहा, मगच उघडा : इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर दुरुस्तीच्या वर्गातलं पहिलं वर्ष

अकरावीच्या व्यवसाय शाखेत दरवर्षी नवी मुलं येतात आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतं, "सर, मोबाईल कधी उघडायचा?" मी सांगतो, दिवाळीनंतर. चेहरे उतरतात, ते मला दिसतं. पण इतकी वर्षं वर्कशॉपमध्ये काढल्यावर एक गोष्ट मला पक्की ठाऊक झाली आहे. जो मुलगा आधी स्क्रू-ड्रायव्हर उचलतो, तो पुढे अंदाजाने पार्ट बदलत राहतो. जो आधी मीटर उचलतो, त्याला बिघाड सापडतो. दुरुस्ती म्हणजे शोध आहे, आणि शोधाची सवय पहिल्या वर्षातच लागते. हा लेख त्या पहिल्या वर्षासाठी आहे. मुलांनी वाचावा, आणि "याला टेक्निकलला टाकू का?" असा प्रश्न पडलेल्या आईवडिलांनीही वाचावा.

प्रवेश घेण्याआधी

महाराष्ट्रात या विषयाकडे जाणाऱ्या वाटा बऱ्याच आहेत आणि नावांच्या गोंधळात मुलं हरवतात. आठवी ते दहावीत तांत्रिक विद्यालयं असतात. काही शाळांत नववीपासून व्यवसाय विषय घेता येतो. ग्रामीण भागात 'मल्टिस्किल' हा विषय बऱ्याच ठिकाणी आहे. त्याचं मूळ पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचं, आणि गावाला लागणारी कामंच शाळेचा अभ्यास करायची, ही त्यांची पद्धत. त्यात विजेचं काम, वेल्डिंग, शेती, खाद्यप्रक्रिया सगळं थोडं थोडं येतं. ज्याला नक्की काय आवडतं ते अजून कळलेलं नाही, त्याच्यासाठी याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

अकरावी-बारावीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत होते. एक म्हणजे द्विलक्षी, ज्याला सगळे 'बायफोकल' म्हणतात. विज्ञान शाखेतच राहून इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स असा २०० गुणांचा विषय घ्यायचा. इंजिनिअरिंगकडे जायचं असेल तर हा मार्ग सोयीचा, पण त्यात दुरुस्ती थोडी आणि सिद्धांत जास्त. दुसरी गोष्ट म्हणजे एचएससी व्होकेशनल, जुन्या नावाने एमसीव्हीसी. तिथे इलेक्ट्रॉनिक्स टेक्नॉलॉजी किंवा कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी हाच मुख्य विषय, प्रात्यक्षिकं भरपूर, आणि बाहेरच्या आस्थापनेत जाऊन प्रशिक्षण घ्यायचं असतं. हाताने शिकणाऱ्या मुलाला मी दुसरा मार्ग सुचवतो.

नवीन शैक्षणिक धोरणामुळे विषयांची रचना बदलत आहे, म्हणून प्रवेशाच्या वेळी माहितीपत्रकावर न थांबता सरळ प्रयोगशाळेत जा. तीन गोष्टी विचारा. एका बाकावर किती मुलं काम करतात? सीआरओ, म्हणजे विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारं यंत्र, चालू आहे का? गेल्या वर्षीची मुलं प्रशिक्षणाला कुठे गेली होती? ही उत्तरं कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगतात.

आणखी एक. "मुलीला हे कशाला?" असं म्हणणारे पालक अजून भेटतात. बोर्डावरचं बारीक सोल्डरिंग, नोंदी ठेवणं, चिकाटीने एकेक शक्यता बाद करत जाणं या कामांत माझ्या वर्गातल्या मुली कधीच मागे पडलेल्या नाहीत. मुलीने स्वतःहून मागितलं असेल तर अडवू नका.

पहिला धडा : वीज

आपल्या घरातली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण या २३०च्या लाटेचा माथा सुमारे ३२५ व्होल्टचा असतो (२३० गुणिले १.४१४), आणि कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधला (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातला) मोठा कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा पार्ट, जवळजवळ तेवढाच भरलेला असतो, हे थोड्यांनाच माहीत असतं. प्लग काढल्यावरही तो काही वेळ भरलेलाच राहू शकतो. म्हणून पहिल्या वर्षी एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही, हा माझ्या वर्गातला नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. बाहेरून सगळं मोजता येतं, ते पुढे सांगतो.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, असं जवळजवळ प्रत्येक शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कुणीतरी सांगतं. बरेच जण त्यावर "थोडा करंट येतोच" म्हणून सोडून देतात. याचं कारण समजून घ्या, कारण त्यात अर्धं वीजशास्त्र आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन छोटे कॅपॅसिटर असतात. मशीनच्या आत तयार होणारा विजेचा गोंगाट जमिनीत सोडून द्यायला ते ठेवलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर तो अतिशय थोडा प्रवाह मुकाट्याने जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर हे दोन कॅपॅसिटर २३० व्होल्ट निम्मे निम्मे वाटून घेतात आणि कॅबिनेटवर ११५ व्होल्टच्या आसपास दाब बसतो. तीच झिणझिणी. प्रवाह थोडा असतो, पण उद्या आत खरोखरच फेज चिकटली तर तिला जायला वाट तुमच्या अंगातूनच. म्हणून प्लगची तिसरी पिन कधी कापू नका, टू-पिनचा जुगाड करू नका, आणि मुख्याध्यापकांना अर्थिंग तपासून घ्यायला सांगा. मीठ-कोळशाचा जुना अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकतो, त्यात पाणी घालावं लागतं. शाळेच्या मागच्या आवारातला तो खड्डा कुठे आहे, ते वर्गातल्या प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे.

लॅबमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाह गळाला की वीज तोडणारा स्विच, हवा आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून बघायला हवं. आणि एक सिरीज बोर्ड हवा. हा स्वतः बनवता येतो आणि आपल्याकडचे जुने मेकॅनिक त्याच्याशिवाय काम करत नाहीत. एक सॉकेट, आणि त्याच्या फेजच्या वाटेत १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब. दुरुस्त केलेली वस्तू आधी या सॉकेटवर लावायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि वस्तू वाचते. सगळं ठीक असेल तर तो क्षणभर उजळून मंद होतो. एलईडी बल्ब इथे चालत नाही. आणि हे विसरू नका की हा बोर्ड वस्तूला वाचवतो, माणसाला नाही. त्यावर लावलेल्या वस्तूचाही शॉक तितकाच जीवघेणा असतो. तो बनवतानाही शिक्षक शेजारी हवेत.

एकट्याने काम नाही. ओल्या पायांनी नाही. हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली साखळी काढून ठेवायची.

काय विकत घ्यायचं, काय नाही

सुरुवातीला थोडंच लागतं: एक साधा डिजिटल मल्टिमीटर, २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न आणि तिचा स्टँड, ६०/४० ची सोल्डर वायर, रोझिन फ्लक्सची डबी, डिसोल्डर पंप, बारीक कटर, चिमटा, स्क्रू-ड्रायव्हरचा सेट, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता पार्ट जोडून बघायची पाटी). हॉट एअर स्टेशन, मायक्रोस्कोप, डीसी पॉवर सप्लाय हे सगळं कॉलेजचं वापरा. नवीन मुलं पहिल्याच महिन्यात मोबाईल दुरुस्तीचं महागडं किट मागवतात आणि ते कपाटात पडून राहतं.

खरेदी शक्यतो बाजारात जाऊन करा. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. या गल्ल्यांतून एक दिवस नुसतं फिरलात तरी पार्टची नावं, आकार आणि माप डोळ्यांना ओळखीची होतात. यादी कागदावर लिहून न्या. "एक कॅपॅसिटर द्या" असं म्हणू नका. "१००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट" असं म्हणा. दुकानदार तुमच्याशी वेगळ्या तऱ्हेने बोलू लागतो.

सरावासाठी भंगार हवं, आणि ते फुकट मिळतं. जळलेले सीएफएल, बंद पडलेले डीव्हीडी प्लेअर, सेट-टॉप बॉक्स, जुने चार्जर. नातेवाइकांना सांगून ठेवा. जुने पिक्चर ट्यूबचे टीव्ही मात्र नकोत. ट्यूबवर हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात.

मीटर हातात घेतल्यावर

पहिले पंधरा दिवस फक्त मोजा. घरातले सेल मोजा. नवा पेन्सिल सेल दीड व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. रिमोट चालेनासा झालेला सेलही बऱ्याचदा सव्वा व्होल्ट दाखवतो, मग रिमोट का चालत नाही? कारण मीटर सेलकडून जवळजवळ काहीच प्रवाह मागत नाही, रिमोट मागतो. भाराविना मोजलेला व्होल्टेज अर्धंच सत्य सांगतो, हे इथे कळलं की पुढे बॅटरी, चार्जर, एसएमपीएस सगळीकडे उपयोगी पडतं.

लाल प्रोब कुठल्या भोकात आहे ते प्रत्येक वेळी बघा. मी शिकत असताना प्रवाह मोजून झाल्यावर प्रोब १० अँपिअरच्या भोकातच राहिला आणि तसाच मी सॉकेटमधला व्होल्टेज मोजायला गेलो. त्या भोकात मीटर म्हणजे जवळजवळ सरळ तारच असते. मोठा आवाज झाला, प्रोबचं टोक वितळलं, आणि हात वाचला तो केवळ प्रोबचं प्लॅस्टिक चांगलं होतं म्हणून. तेव्हापासून १० अँपिअरचं काम झालं की प्रोब आधी जागेवर, मग बाकीचं.

बझरवर फार विसंबू नका. बऱ्याच मीटरमध्ये पन्नास-साठ ओहमपर्यंत बझर वाजतो. म्हणजे "वाजला म्हणून जोडलेलं आहे" हे नेहमी खरं नसतं. शंका आली की ओहमच्या रेंजवर आकडा बघा. डायोड म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट. डायोड रेंजवर साधा सिलिकॉन डायोड एका बाजूने ०.५ ते ०.७ दाखवतो आणि उलट बाजूने काहीच नाही. दोन्ही बाजूंनी शून्याजवळ दाखवला तर तो शॉर्ट.

रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला अडवणारा पार्ट, बोर्डावर असतानाच मोजला तर छापील किमतीपेक्षा कमी दाखवू शकतो, कारण शेजारचे पार्ट त्याला समांतर असतात. पण तो छापील किमतीपेक्षा बराच जास्त दाखवत असेल तर तो बिघडलेला आहे, आणि हे बोर्डावरून न काढताच कळतं. फक्त सप्लाय बंद हवा आणि कॅपॅसिटर रिकामे हवेत.

रंगांवरून किंमत वाचणं मराठी मुलांना सोपं जावं, कारण इंद्रधनुष्याचं 'तानापिहिनिपाजा' आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. त्यातला पारवा काढून टाका. तांबडा २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७. आधी काळा ० आणि तपकिरी १ लावा, शेवटी राखाडी ८ आणि पांढरा ९. झाला कोड. पिवळा, जांभळा, तांबडा, सोनेरी म्हणजे ४, ७ आणि पुढे दोन शून्यं, ४७०० ओहम, ५ टक्के इकडेतिकडे. तपकिरी आणि तांबडा यांच्यात ट्यूबलाइटच्या उजेडात फसगत होते, म्हणून वाचून झालं तरी मोजा.

डाख

सोल्डरला आपल्याकडे जुना शब्द आहे, डाख. आणि कल्हईवाल्याला काम करताना पाहिलेलं असेल तर फ्लक्स म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. तो तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकतो, धूर होतो, आणि मगच कथील सरसर पसरतं. धातूवर चढलेला थर नवसागर काढून टाकतो. तेच काम इथे रोझिन करतं. पण नवसागर किंवा आम्लाचा फ्लक्स बोर्डावर कधीही वापरू नका. काम त्या दिवशी छान दिसतं आणि काही महिन्यांत ट्रॅक हिरवे पडून तुटतात.

नव्या मुलांची एकच चूक असते. आयर्नच्या टोकावर सोल्डर घेतात आणि जोडावर नेऊन लिंपतात. तोपर्यंत फ्लक्स जळून गेलेला असतो. योग्य क्रम असा: ओल्या स्पंजावर टोक पुसा, टोकावर किंचित ताजी सोल्डर लावा, ते टोक पॅड (बोर्डावरची तांब्याची टिकली) आणि पार्टचा पाय या दोघांनाही एकदम टेकवा, दोन सेकंद थांबा, मग सोल्डर वायर जोडाला लावा, आयर्नला नाही. सोल्डर आपोआप आत ओढली जाते. आधी वायर काढा, मग आयर्न. गार होईपर्यंत हलवू नका, फुंकर मारू नका. चांगला जोड चकचकीत असतो आणि पायाभोवती निमुळता चढत जातो. गोळ्यासारखा फुगलेला किंवा राखेच्या रंगाचा जोड म्हणजे ड्राय सोल्डर, आणि अधूनमधून बंद पडणाऱ्या निम्म्या वस्तूंचं मूळ मला तरी तिथेच सापडत आलं आहे.

भंगार बोर्डावर शंभर जोड काढा आणि शंभर घाला. मगच नव्या पार्टला हात लावा. ६०/४० मध्ये ४० टक्के शिसं असतं, त्यामुळे डबा खाण्याआधी साबणाने हात धुवायचेच. पार्टचे पाय कापताना तुकडा डोळ्यात उडतो, बोटाने धरून कापा. काम संपलं की टोकावर सोल्डर ठेवूनच आयर्न बंद करा, टोक टिकतं.

पहिली स्वतःची वस्तू : ५ व्होल्टचा सप्लाय

रेडिओ नको, रोबोट नको. पहिल्यांदा पॉवर सप्लाय बनवा. कुठलीही वस्तू दुरुस्तीला आली की पहिला संशय तिच्या सप्लायवर घ्यायचा असतो, आणि स्वतः बनवलेला असेल तर संशय कुठून सुरू करायचा ते कळतं.

लागतं हे: ०-९ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ४००७ नंबरचे चार डायोड, १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कॅपॅसिटर, व्होल्टेज ५ वर स्थिर ठेवणारा ७८०५ आयसी, आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा कॅपॅसिटर, एक एलईडी आणि तिच्यासाठी ३३० ओहम. २३० व्होल्टची बाजू शिक्षकांनी तपासल्याशिवाय लावायची नाही. तिथे फ्यूज हवा आणि उघडी तार कुठेही दिसता कामा नये.

आता एकेका थांब्यावर उतरत मोजत चला, एसटीतून गावोगाव उतरल्यासारखं. ट्रान्सफॉर्मरनंतर एसी ९ व्होल्ट, भाराविना थोडे जास्तच. ब्रिजनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडच्या जोडणीनंतर), मोठा कॅपॅसिटर न लावता, १ किलोओहमचा रेझिस्टर भार म्हणून ठेवून डीसी मोजा, साधारण साडेसहा-सात येतील. आता कॅपॅसिटर लावा. आकडा ११ च्या वर जातो. दरवर्षी इथे वर्ग थबकतो: कॅपॅसिटरने व्होल्टेज वाढवलं कुठून? त्याने काही वाढवलेलं नाही. आधी मीटर लाटांची सरासरी दाखवत होता, आता कॅपॅसिटर लाटेचा माथा धरून ठेवतो. ९ गुणिले १.४१४ म्हणजे १२.७, त्यातून दोन डायोडचे सुमारे १.४ गेले, राहिले ११.३. हिशेब आणि मीटर जुळले की मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्यासाठी मी हा विषय शिकवतो.

७८०५ चं तोंड आपल्याकडे धरलं तर डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. आउटपुटला ४७ ओहमचा रेझिस्टर लावा, पण पाव वॅटचा नाही. ५ चा वर्ग २५, भागिले ४७, म्हणजे अर्ध्या वॅटच्या वर, पाव वॅटचा जळेल. २ वॅटचा घ्या. प्रवाह १०० मिलिअँपिअरच्या आसपास जाईल. आता सीआरओवर मोठ्या कॅपॅसिटरचा व्होल्टेज बघा, सुमारे १ व्होल्टचा हेलकावा दिसेल. सप्लाय बंद करून एक डायोड काढा आणि परत बघा. हेलकावा जवळजवळ दुप्पट, आणि लाटा निम्म्या. आउटपुटला मात्र ५ व्होल्ट तसेच! म्हणजे आउटपुट ठीक असूनही आत बिघाड असू शकतो.

हेच पुढे गणपतीच्या आधी कामाला येतं. मंडळाचा अँप्लिफायर येतो, तक्रार एकच: "घूं असा आवाज येतो." तो घूं म्हणजे हाच हेलकावा स्पीकरपर्यंत पोचलेला. बऱ्याचदा फिल्टर कॅपॅसिटर, म्हणजे ब्रिजनंतरचा तो मोठा कॅपॅसिटर, सुकलेला असतो.

कॅपॅसिटरची पट्टी असलेली बाजू ऋण. उलटा लावला तर तो फुगतो आणि फुटतो. पहिल्यांदा सप्लाय सुरू करताना त्याच्यावर वाकून बघू नका.

कॉम्प्युटर उघडताना

शाळेत जुने, बंद पडलेले डेस्कटॉप असतातच. लॅपटॉपपेक्षा त्यांवर शिका. जागा मोकळी असते आणि प्रत्येक भाग वेगळा काढता येतो.

उघडण्याआधी प्लग काढा, पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरा, मग कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. अंगावरची स्थिर वीज उतरते. हिवाळ्यात मराठवाडा-विदर्भात हवा कोरडी असते, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तेव्हा ही काळजी दुप्पट घ्या. त्या ठिणगीत रॅम मरू शकते. जमलं तर अँटिस्टॅटिक पट्टा बांधा. प्रत्येक केबल काढण्याआधी फोटो काढा. स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा.

"चालू होत नाही" ही तक्रार नाही, ते चार वेगळ्या तक्रारींचं टोपणनाव आहे. पंखा फिरतो का? बीप येतो का? स्क्रीनवर काही येतं का? विंडोजपर्यंत पोचून थांबतो का? आधी हे ठरवा. मग सॉकेट, केबल, मागचा एसएमपीएसचा स्विच, मॉनिटरची वायर. हसण्यासारखं वाटेल, पण कॉम्प्युटर न उघडता सुटणारे प्रश्न बरेच असतात.

पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, तर रॅम काढा. तिच्या सोनेरी पट्ट्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कचरा स्लॉटपासून लांब झटका, परत बसवा. खाच जुळली पाहिजे, जोर लागत असेल तर चुकतंय. तरी नाही तर सगळं काढून फक्त बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम आणि एसएमपीएस ठेवा, आणि एकेक भाग वाढवत जा. कुठला भाग लावल्यावर बंद पडतं, ते बिघाडच सांगतो.

तारीख आणि वेळ सारखी मागे जात असेल तर संशय सीएमओएस सेलवर, म्हणजे बोर्डावरच्या सीआर २०३२ या नाण्यासारख्या सेलवर. नवा ३ व्होल्ट, पावणेतीनच्या खाली आला की बदला.

एसएमपीएस न उघडता असा तपासा. तो बोर्डापासून सोडवा, मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार आणि कुठलीही काळी तार छोट्या वायरने जोडा, मग प्लग लावा. पंखा फिरला पाहिजे. काही जुने एसएमपीएस भाराविना उठत नाहीत, म्हणून एखादी जुनी हार्ड डिस्क लावून ठेवा. काळ्या तारेपासून मोजा: पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३, जांभळी ५. जांभळी तर नुसता प्लग लावल्यावर, हिरवी न जोडताही आली पाहिजे. ५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, म्हणजे १२ चे ११.४ ते १२.६. त्याच्या खाली गेलं तर मशीन मध्येच रीस्टार्ट होतं आणि लोक विंडोज परत टाकत बसतात.

बोर्डावर माथा फुगलेले कॅपॅसिटर शोधा. माथा सपाट असला पाहिजे. आणि आपल्या भागातल्या नेहमीच्या पाहुण्यांना विसरू नका. पाल, मुंग्या, झुरळं गरम जागी घर करतात, कोकणात खारी हवा कनेक्टरवर गंज चढवते, पावसाळ्यात वीज कोसळली की दुसऱ्या दिवशी लॅन पोर्ट आणि मोडेम मेलेले येतात.

धूळ ब्लोअरने काढताना पंखा बोटाने धरून ठेवा, हवेने भरधाव फिरू देऊ नका. प्रोसेसरची जुनी पेस्ट पूर्ण पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा, जास्त लावून फायदा होत नाही.

हार्ड डिस्क टक-टक आवाज करत असेल तर लगेच बंद करा. परत परत चालू करून बघणं म्हणजे त्यातले फोटो आणि हिशेब हळूहळू खरवडून टाकणं. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न नेहमी हाच: "यातलं दुसरीकडे कुठे ठेवलंय का?" आणि त्याच्या फायली उघडून बघायच्या नाहीत. लग्नाचे फोटो असोत की बँकेचे कागद, ते आपले नाहीत.

फुगलेली लिथियम बॅटरी दिसली की टोचू नका, दाबू नका, चार्ज करू नका. वाळूच्या बादलीत ठेवून शिक्षकांना सांगा. मोबाईलसाठी दिवाळीपर्यंत थांबवतो, त्याचं अर्धं कारण हे.

दोन वह्या

जर्नल परीक्षेसाठी असतं आणि ते बऱ्याचदा एकमेकांचं बघून पूर्ण होतं, हे आपण सगळेच जाणतो. म्हणून दुसरी, साधी शंभर पानी वही ठेवा. तिला आम्ही बिघाड वही म्हणतो. पानावर रकाने पाडायचे: वस्तू, तक्रार गिऱ्हाइकाच्या शब्दांत, मला काय दिसलं, काय वाटलं, काय मोजलं, आकडा काय आला, शेवटी काय निघालं. 'काय वाटलं' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. चुकलेला अंदाज खोडायचा नाही. वर्षाअखेर चाळलं की आपण कुठे घाई करतो ते स्वतःलाच दिसतं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकाने "तुम्ही काय दुरुस्त केलंत?" असं विचारलं तर ही वही पुढे ठेवा.

सुट्टीत गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात बसा. पहिले काही दिवस झाडू मारायला लावतील, स्क्रू वेगळे करायला लावतील. करा. मेकॅनिक गिऱ्हाइकाशी कसं बोलतो, न होणारं काम कसं परत देतो, ते ऐका. ते कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

बारावी व्होकेशनलनंतर शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली प्रशिक्षण घेता येतं. पश्चिम विभागाचं त्याचं मंडळ मुंबईत सायनला आहे. पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षालाही अर्ज करता येतो. दहावीनंतर सरळ आयटीआय करायचा असेल तर इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. 'कोपा' हा एक वर्षाचा ट्रेड कॉम्प्युटर चालवण्याचा आहे, दुरुस्तीचा नाही, ही गल्लत फार होते.

वर्षाअखेरचं काम : तीनांतून एक

मार्चच्या आसपास मी चार-चार मुलांच्या गटाला तीन मेलेले कॉम्प्युटर देतो. त्यातून एक चालू करायचा. नवा पार्ट फक्त एकच विकत घ्यायची मुभा, आणि तोच का, ते आधी आकड्यांनिशी लिहून द्यायचं. बहुतेक गट शेवटी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी मागतात, एखादा सीआर २०३२ वर भागवतो. विंडोज १० ची नेहमीची अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली आणि जुनी मशीन विंडोज ११ घेत नाहीत, म्हणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकतो. सी-डॅक या सरकारी संस्थेचं 'बॉस' नावाचं लिनक्स आहे, त्यात मराठीची सोय आहे.

उरलेल्या दोन सांगाड्यांतला कामाचा भाग पुढच्या बॅचसाठी पेटीत, नाव लिहून. बाकीचं साध्या भंगारवाल्याकडे द्यायचं नाही. तो तांब्यासाठी तारा जाळतो आणि तो धूर आपल्याच गावात राहतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच ते जायला हवं. पुरेसं जमेपर्यंत कोरड्या खोलीत ठेवा.

तयार झालेलं मशीन जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नेऊन लावायचं. तिथल्या सॉकेटचं अर्थिंग आधी मोजायचं: फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळ, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट. ते ठीक असेल तरच प्लग लावायचा. कॅबिनेटच्या बाजूला एक कागद चिकटवायचा. त्यावर बदललेला पार्ट, सीएमओएस सेलची तारीख, धूळ कधी काढली, परत कधी काढायची, आणि खाली चौघांच्या सह्या.